तेल कुणी घातलं

नाही हो काका, कॅमेऱ्यामुळे नाही, माझी झोप उडाली ती हिच्यामुळे. कॅमेरा काय, वस्तू आहे, बिघडते. पण सहा वर्षांची पोर सगळ्या घरासमोर उभी राहते आणि पापणीही न हलवता सांगते, हो, मीच बिघडवला — आणि मी, तिची आई, मला कळतच नाही की हे खरं की खोटं. खोटं असेल तर कशासाठी बोलते? आणि खरं असेल तर इतक्या थंडपणे कशी बोलते? ह्या कुशीवरून त्या कुशीवर हेच. मुलांच्या मनाबद्दलची पुस्तकं वाचते मी, नाही असं नाही. त्यांत सगळी मुलं असतात, फक्त आपलं नसतं. — भिंगरी, स्टूल फिरवू नकोस, काका कॅमेरा दुरुस्त करतायत, बारीक काम आहे. — भिंगरीच म्हणतो आम्ही, का ते दिसतंच आहे तुम्हाला.

तर कॅमेरा. माझ्या सासऱ्यांचा, त्यांच्या लग्नाच्याही आधीचा. सेल नाही, वायर नाही, नुसत्या स्प्रिंगा आणि चाकं. घरात कुणी हात लावायचा नाही — भिंगरी सोडून. तिला मांडीवर घेऊन शिकवत बसायचे. काय बिघडलंय ते मी नीट तपासलंय, हसू नका. शटर जलद वेगावर ठेवा, काही तक्रार नाही, खट्कन उघडतो, खट्कन मिटतो. वेग कमी करत आणा, की मधेच रेंगाळायला लागतो. आणि एका सेकंदावर ठेवलात की घर्रर्र करत निघतो, अर्ध्यात गप्प होतो आणि शटरची पाती उघडीच — जांभई देताना एखाद्याचा जबडा अडकावा तशी. फिल्म न घालता, मागचं झाकण उघडून, खिडकीकडे धरून बघितलंय मी. आणि आणखी एक — टेबलावरच्या दिव्याखाली थोडी ऊब दिली की शहाण्यासारखा चालतो, गार झाला की पुन्हा तेच. म्हणजे आत काहीतरी थिजलंय, एवढं मलाही कळलं. नवरा म्हणाला, आता दुरुस्तीचं दुकानच टाक. त्याला विनोद सुचतात. घरात आग लागली तरी ह्याला विनोदच सुचेल.

आग लावायला नणंद आहेच. आली होती रविवारी. सासऱ्यांनी कॅमेरा काढला, तिचा फोटो काढतो म्हणाले, आणि हा अडकला. झालं. कुणी हात लावला, कुणी हात लावला — सासऱ्यांचा चेहरा लालबुंद — आणि मग बोट सरळ हिच्याकडे. हिनंच केलं. ज्या नातीला मांडीवर घेऊन शिकवलं तिच्याकडे. नणंद लगेच, जॅमचे हात लावले असतील, तुमच्या घरात काय, मुलांना मोकळं रान. आणि ही म्हणाली, हो, मीच. नणंदेचा तो आवाज काय सांगू — बघ, आईवर गेलीय, चेहऱ्यावर काही दिसत नाही. माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पिऊन. मला शिसारी आली, काका. सगळ्यांचीच. पोरीला कोपऱ्यात घेऊन मोठी माणसं न्यायनिवाडा करतात, आणि नवरा पंख्याकडे बघत बसतो. आणि मी काय केलं? मी जॅमची बरणी पाहून आले. झाकण घट्ट आहे का ते.

उघडलंत? बघू. — शी. अहो हे काय आहे? हे आत असतं? शेंबडासारखं. त्यात केस अडकलाय. नाही, बघते, दाखवा. — हे पिवळं चाकांवरचं, हे जुनं वंगण? वयानं घट्ट झालेलं? बरं. म्हणजे ह्या चाकांमुळे तो एक सेकंद मोजला जातो, आणि तीच चिखलातून चालल्यासारखी चालतात, म्हणून कमी वेगांनाच त्रास. जलद वेगांना ह्या चाकांची गरजच लागत नाही. समजलं. आणि पात्यांवर हे चकचकीत? हे ताजं? कोरडीच हवीत ना पाती? म्हणजे कुणीतरी इलाज म्हणून तेल सोडलं, ते पसरलं आणि पाती एकमेकींना चिकटली. — म्हणजे जॅम नाही. हे तुम्ही लिहून नका देऊ, पण नणंदेला फोनवर सांगाल का? नको. जाऊ दे. तिला पटलं तर तिचं पोट दुखेल.

द्या जरा इकडे. — हा वास मला ठाऊक आहे. हे शिलाई मशीनचं तेल. आमच्या घरात दाराला येतो हा वास, कुलपाला येतो, उशीच्या अभ्र्यालासुद्धा येतो. सासरे कपड्यांच्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करायचे ना, जन्मभर. अडलं की तेल, हा त्यांचा धर्म. भिंतीवरच्या घड्याळाला घातलं, ते भिंतीवरून ओघळलं, तो डाग मी अजून घासतेय. पण कॅमेऱ्याला ते नाही घालणार. शक्यच नाही. 'ह्याला तेल लावलं तर मेला समज' — हे त्यांनीच शिकवलंय भिंगरीला, माझ्यासमोर, दहादा. तेव्हा ते नव्हेत.

दुसरं काहीही करतील ते. मला छळायचं म्हटलं की डोकं कसं चालतं त्यांचं. चहाचा कप खाली ठेवतात न ठेवतात तोच, आज चहा नाही का? तेही शेजारीण बसलेली असताना. चष्मा फ्रीजमध्ये ठेवायचा आणि सुनेनं लपवला म्हणायचं. परवा मला सासूबाईंच्या नावानं हाक मारली — जिवंत असताना त्यांना कधी इतक्या गोड हाका मारल्या नसतील. टोमणाच तो, दुसरं काय. जेवून उठले की ताटाकडे बोट दाखवून विचारतात, हे कुणाचं? असल्या कुजक्या छळाची किळस येते हो. उघड भांडा ना. मी काय, भांडेन, मलाही —

तुम्ही हातातलं का ठेवलंत?

असं काय बघताय? काम करा ना. पेट्रोलनं धुवायचं म्हणालात ना सगळं, मग धुवा. — नाही, तसलं काही नाही त्यांना. कारखान्यातल्या जुन्या गोष्टी घडाघडा सांगतात, साहेबाच्या गाडीचा नंबरसुद्धा. तसलं असतं तर कळलं असतं मला. मी घरातच असते. मी पुस्तकं...

भिंगरी. इकडे ये. उतर त्यावरून. काका म्हणतात, आत तेल आहे. तेलाची बाटली वरच्या फळीवर असते, स्टुलावर चढूनसुद्धा तुझा हात पोचत नाही तिथे. मी रागावणार नाही. माझ्याकडे बघ. तेल कुणी घातलं?

"आजोबांनी. पण तू त्यांना ओरडू नकोस. मी म्हटलं होतं, आजोबा, ह्याला तेल नाही लावायचं, तुम्हीच शिकवलंत ना मला. तर ते खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, तू कुणाची गं?"