सांध्यावरची माती

माहं माहेर मारेगावाकडचं, सासर हे नेरजवळचं. आईबाप दुसऱ्याच्या वावरात राबले, म्याही तेच केलं, निंदन, खुरपण, कापूस वेचणं, आन् मंग माहा माणूस वारल्यावर रोडवरच्या नर्सरीत कामाले लागली. पहिले पिशव्यात माती भरत होती. मालक म्हणे, मावशी, तुमचा हात थरथरत नाई, तुमी कलमाले बसा. तवापासून सहा वर्सं झाले, मी वांग्याचे कलमं बांधून राह्यली.

आता काय सांगू तुमाले, लोकाइले वाटते कलम म्हंजे आंब्याचं नाई तं गुलाबाचं, वांग्याचं कायले कोणी करते? पण करते. खाली रानवांगं असते, काटेरी, त्याचं फळ आपल्याकडं कोणी खात नाई, पण त्याचं मूळ मरत नाई. त्याचा शेंडा बिलेडनं तिरपा उडवाचा, आपल्या चांगल्या वांग्याचा शेंडा तसाच तिरपा कापून त्याच्यावर बसवाचा, आन् बारकी किलिप लावाची, लहान पोरीच्या केसाले लावते तशी. दोन्ही काड्या एका जाडीच्या पाह्यजे, नाई तं जमत नाई, सोयरीक पाह्यल्यासारखंच हाय ते. मंग आठ दिवस बंद प्लास्टिकात ठेवाचं. जगलं तं त्याले वावरात मर लागत नाई. मर म्हंजे कसं, सकाळी झाड चांगलं असते, दुपारी मान टाकते, आन् हिरवंच्या हिरवं मरून जाते. आमच्या अर्ध्या एकरात तीन वर्सं तसंच झालतं, वांगं लावाचं सोडूनच देल्लं होतं आमी.

माही पोरगी एकच. तिले वणीकडं देल्ली होती. चार वर्सं नांदली आन् परत आली, आली म्हंजे सासरच्याइनं आणून सोडली. म्हैस आटली ते हिच्यानं, कापसाची पऱ्हाटी वाळली ते हिच्यानं, हिच्या हाताले यश नाई म्हणे. असं रोज ऐकलं तं माणसाले खरंच वाटाले लागते बाई. घरी आली तं कणीक भिजवाले भ्याये, म्हणे आई तूच भिजव, माह्यानं बिघडन. मले लय राग ये, त्याइचा बी आन् तिचा बी.

मंग म्या मालकाले मागून तीनशे कलमं घरी आणले. दोघी मायलेकीनं लावले, कलमाचा सांधा जमिनीच्या चार बोटं वर ठेवून. पोरगी रोज पाहाले जाये, एखादं पान पिवळं दिसलं तं मले वढत न्ये. एक दिवस वावराच्या कडंले धुऱ्यावर बसली होती, म्हणे आई, हे लागलं तं मी कुठं जात नाई, नेरच्या बाजारात दोघी दुकान मांडून बसू. किती दिसानं हसली होती ती.

तेवढ्यात नर्सरीत मोठं काम निघालं, वीस दिवस आमा बायाइले तिथंच राहा लागलं. जाताना तिले समदं सांगतलं, पाणी कधी देजो, फवारा कधी मारजो, सांध्याखालून रानवांग्याचा फुटवा आला तं मोडून टाकजो. एकच सांगाचं राह्यलं. आपल्या इकडं वांग्याले माती चढवतेच, झाड गुडघ्याएवढं झालं का दोन्हीकडची माती वढून बुडाले लावाची, माही सासू चढवे, तिचा बाप चढवे. कलमी वांग्याले ते चालत नाई. सांधा मातीत गेला का वरचं वांगं आपल्याच मुळ्या सोडते, आन् त्या मुळ्याइतून मर शिरते. मले सहा वर्सापासून माहीत, आन् घरच्या पोरीलेच सांगाचं राह्यलं. माह्या डोस्क्याले काय झालतं काय माहीत.

परत आली तं तिनं पहिले चहा पाजला आन् हात धरून वावरात नेलं. पाह्य म्हणे, एकटीनं केलं, बाबा चढवत तशी माती चढवली. तीनशेच्या तीनशे झाडाले, सूत लावल्यासारखी. तिच्या हाताले फोड आलते. म्या एका झाडाच्या बुडाशी बोट घालून पाह्यलं, सांध्याच्या वर पांढऱ्या मुळ्या. म्या म्हणलं, छान केलं माय.

दुसऱ्या दिवसापासून मी माती उकरत बसली, मुळ्या तोडत बसली. ती विचारे, काहून काढून राह्यली? म्या म्हणलं, बुडाले हवा लागू दे. पण उशीर झालता, पाऊस बी लागून पडला, पंधरा दिसात वावर मान टाकून बसलं. ती मधोमध उभी राह्यली, रडली बी नाई. म्हणे, आई, माह्या हाताचंच हाय का हे?

सांगा, काय सांगाचं? म्या म्हणलं नाई, माह्याच कलमात खोट होती, बिलेड जंगलेलं होतं. ती माह्या हाताकडं पाहत राह्यली. म्हणे, मंग तू इतले वर्सं काय बांधून राह्यली? महिन्याभरात मैत्रिणीसंग पुण्याले गेली, कंपनीत पॅकिंगचं काम करते. गावातले लोकबी म्हणाले लागले, इच्याच घरी इचे कलमं मेले, आमी कायले लावाचे. ऐकून घेतलं. नर्सरीत दिवस निघून जाते, पण घरी आल्यावर एकटीसाठी चूल पेटवाले जीवच होत नाई. तिच्याबिगर लय एकटी हाय मी, खोटं कायले बोलू.

परवा तिचा फोन आला. तिकडं गॅलरीत लावाले गुलाबाचं कलम आणाले गेलती, तिथला माणूस म्हणे, ताई, सांधा मातीत जाऊ देऊ नका. मंग मले विचारे, आई, तवा माती तं म्या चढवली होती ना? म्या म्हणलं, तू चढवलेली म्या त्याच हप्त्यात उकरून टाकली होती, ते वांगे माह्या बिलेडानं मेले. मंग म्हणे, जेवली का? म्या म्हणलं, जेवली. जेवली नोती.

हे कोणाले नाई सांगतलं, तुमालेच सांगतलं. तुमी हे लिवून घेऊन राह्यले, ते पुस्तक पुण्यातबी जात असन. तिचं नाव नोका लिवू, माहंबी नोका लिवू. पोरगी सुखात राहो, तिच्या हातानं लावलेलं समदं जगो. आन् जमलं तं येवढं लिवा, का चूक कलम बांधणारीची होती.