हार घातलेला फोटो

बिबवेवाडीतल्या एका बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागली होती. यास्मिनचा नंबर दुसरा होता, पण पुढच्या आजोबांचं घोडं काही पुढे सरकेना. खिडकीतल्या बाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"सुखदेव ओव्हाळ आपणच ना? अहो, पण आपण तर गेलात!"

"कुठे?"

"सिनेमात, ट्रॅक्टरखाली. मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा गेलात."

"अहो, ते काम होतं. सिनेमा चालला, म्हणून त्यावरून विनोदी मालिका काढली."

"तीही बघायचे मी. तिच्यात भिंतीवर आपला हार घातलेला फोटो होता."

"मग मेलेल्याला आणखी कसलं काम देणार?"

"तेच म्हणते. हयात असल्याची सही मी कुठल्या तोंडानं करू?"

"मी समोर उभा आहे की!"

"फोटोही समोरच असायचा."

"मॅडम, सही झाली नाही तर माझी पेन्शन थांबेल हो."

"बरं, एक सांगा. मालिका नऊ भागांतच बंद का पडली?"

"माझा फोटो सोडून कुणालाच अभिनय येत नव्हता."

बाईंनी धाडकन शिक्का मारला.

"इतकं कुचकं मेलेला माणूस बोलत नाही. चला, पुढे कोण?"