हडळीच्या हातची केरसुणी

२०२४ साली हॅलोविन ऐन दिवाळीत आलं. धनत्रयोदशीला बुलढाण्याच्या स्टँडवर स्नेहलताबाई बसची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर स्टँडवर नेहमी दिसणारी एक आजी, आणि मोबाइलवर बाहुली नटवणारी तिची नात हिमानी.

“काय करून राह्यली वं?”

“हॅलोविनचा सेट घालून राह्यली. बाहुलीले हडळ करायचं. खेळातल्या स्पर्धेत पहिली आली त मले चांदीचे पंख भेटतात, आजी!”

“अन् तिच्या बुडाखाली काय आहे?”

“झाडू. त्याच्यावर बसून उडते ते.”

“उतरव तिले! लक्ष्मीपूजनाले ज्या केरसुणीची पूजा, तिच्यावर बूड?”

“हडळ आहे ते, आजी!”

“मंग? हडळीले रीतभात नसते?”

“झाडू काढला त मी हारतो ना!”

“काढू नको. हातात दे. अंगण झाडू दे तिले.”

“हडळ काऊन अंगण झाडीन?”

“दिवाळीत सगळ्याच झाडतात, माय.”

हिमानीची हडळ झाडत राहिली आणि शेवटून तिसरी आली. पंख गेले. आजी मात्र स्टँडवर कुणालाही नातीची कामसू हडळ कौतुकानं दाखवते. स्नेहलताबाईंनी त्याच संध्याकाळी तो खेळ मोबाइलवर घेतला. त्यांची हडळ खुशाल झाडूवर बसून उडते. आजी समोरून आली, की त्या मोबाइल पर्समध्ये टाकतात.