दादाच्या लाल रेघा

भिंतीला चुना लावला म्हणून अख्ख्या चाळीच्या शिव्या खाल्ल्यात का रे कुणी? मी खाल्ल्यात.

बोरिवलीत आमच्या चाळीमागून दहिसर नदी जाते. दर पावसाळ्यात पाणी जिथवर चढेल, तिथे माझा दादा घराबाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटने लाल रेघ मारायचा. यंदा मे महिन्यात दादा गेला. त्याच्या रेघा मला बघवेनात. एका दुपारी डोकं फिरलं आणि मी सगळ्यांवर चुना फासला.

जुलैत नदी फुगली. पाणी घोट्याला लागलं तशा शेजारच्या कांबळेकाकू ओरडल्या, "मधली रेघ कुठाय रे? तिथवर पाणी आलं की आम्ही फ्रिज उचलतो!"

"मी पुसली, काकू."

"वाट लावलीस मेल्या! आता रडतोस काय? ब्रश आण."

मी ब्रश आणला. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "सोनूच्या वेळी सातवा महिना होता. पाणी इथे पोटाला लागलेलं. मार रेघ."

सावंतकाकांनी गुडघा दाखवला.

"तुमचा गुडघा? तेव्हा तुम्ही स्टुलावर चढला होतात!" काकू म्हणाल्या.

अर्धी चाळ पाण्यात उभी राहून भांडत होती. पण सगळ्या रेघा परत आल्या.

पाणी मधल्या रेघेच्या वीतभर खाली थांबलं आणि उतरलं. फ्रिज जागचा हलला नाही.

"यंदाची तू मार," काकू म्हणाल्या.

मी ब्रश बुडवून भिंतीला टेकवला. रेघ तिरकी आली.

काकू बघत राहिल्या. "त्याचीही पहिली अशीच आली होती रे."