गोळी द्या, चौकशा नकोत

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील डॉक्टरसाहेब, दुकान आवरून लेकीकडे राहायला निघालेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या औषधवाल्या ताई, त्यांचे यजमान, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या, तसंच भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बंधूभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी हयातभर लोकांना गाडी शिकवली. ब्रेक कुठे असतो हे मला ठाऊक आहे. दाबीनच असं नाही.

मंडळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आपण औषधाच्या दुकानात शिरतो, तेव्हा आपल्याला नक्की काय हवं असतं? साहेब, राग मानू नका. गोळी स्वस्त हवी, जालीम हवी, घशाखाली उतरायच्या आत गुण यायला हवा, आणि समोरच्यानं चकार शब्द विचारता कामा नये. बरं, गोळीचं नाव तरी आठवतं का? “ती हो, मागच्या वेळची, पिवळी!” आमचे शेजारी शिंपीदादा (आलेत ना? हां, ते काय मागे) एकदा म्हणाले, “माझ्या मेहुण्याला लागू पडली ती द्या.” ताईंनी विचारलं, “मेहुण्यांना काय झालं होतं?” “पाठ धरली होती.” “आणि तुम्हाला?” “खोकला.”

ताईंचे हे प्रश्न मला सहन होत नसत. “अहो, मी गोळी घ्यायला आलोय, मुलाखतीला नाही,” असं मी त्यांना तोंडावर म्हणालेलो आहे. मला झोप लागत नव्हती, म्हणून मी गोळी मागितली. त्यांनी विचारलं, “काका, दुसरं काही औषध चालू आहे?” मी म्हणालो, “छे!” आता सर्दीच्या गोळीला कुणी औषध म्हणतं का? अंगाला खाज सुटते म्हणून सूनबाई एक गोळी देतात, तिला म्हणतं?

पुढे गंमत सुरू झाली. मी बोलता बोलता पेंगायला लागलो. इस्त्री फ्रीजमध्ये ठेवली. सूनबाईंना माझ्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाका मारल्या. घरात सगळे हसले, मीही हसलो. मग एके दिवशी, ज्या चौकात मी शेकडो लोकांना वळायला शिकवलं, त्याच चौकात मी उभा राहिलो आणि आपलं घर कुठल्या बाजूला ते मला आठवेना. हे मी घरी सांगितलं नाही. सांगून काय सांगणार?

चिरंजीवांनी स्कूटरची किल्ली काढून घेतली. म्हणाले, “सर्व्हिसिंगला टाकतोय.” स्वयंपाकघरातून कानावर आलं, “बाबांना आता एकटं सोडायला नको.”

त्यामुळे पुढच्या खेपेला दुकानात सूनबाई सोबत. मी झोपेची गोळी मागितली. सूनबाई म्हणाल्या, “आणि बाबांची ती खाजेची पण द्या.” ताईंचा हात कपाटाजवळच थांबला.

“दोन्ही काकाच घेतात?”

“आणि सर्दीची. ती आमचे हे ऑफिसजवळून आणतात.”

ताईंनी सर्दीच्या गोळीचं नाव विचारलं. मग तीन पाकिटं काचेवर शेजारी शेजारी मांडली. “काका, या तिन्हींत झोप आणणारं औषध एकाच जातीचं आहे. पाकिटं तेवढी निराळी. तुमच्या वयाला एक जड जावी, तिथे तुम्ही तीन खाताय. आज मी तुम्हाला काहीही विकणार नाही. घरातल्या तिन्ही गोळ्या घेऊन तडक डॉक्टरांकडे जा.”

मागे रांग कुरकुरत होती. मी हळूच विचारलं, “ताई, म्हणजे माझं डोकं गेलेलं नाही?”

“ते डॉक्टर सांगतील. आधी त्याला जागं तर होऊ द्या!”

तेवढ्यात रांगेतून शिंपीदादा म्हणतात, “काका, उरलेल्या गोळ्या मला द्या. मलाही झोप नाही.”

डॉक्टरसाहेबांनी तिन्ही गोळ्या बंद केल्या. खाज नव्या साबणाची निघाली. डोक्यातलं धुकं हळूहळू ओसरलं. साहेबांनी सगळं तपासून हिरवा कंदील दाखवला, तेव्हा चिरंजीवांनी किल्ली हातात ठेवली आणि बाहेर निघून गेले. स्कूटरवर मागे बसलेल्या सूनबाई मात्र वाटभर मला पाढे म्हणायला लावत होत्या. मी झोपलो नाही याची खात्री म्हणून!

ताईंचे आभार मानायला गेलो, तर पुन्हा प्रश्न. “आता झोप कशी आहे, काका?”

“फारशी लागत नाही.”

“मग काय करता?”

“जागा असतो. ताई, जागं असणं फार छान असतं हो.”

ताई चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.

ताई, लेकीकडे आनंदानं राहा. अध्यक्षांनी माझी बडबड ऐकून घेतली, आपण सर्वांनी घड्याळाकडे चोरूनच पाहिलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर म्हाताऱ्याला पदरात घ्या. शिंपीदादांची माफी मी घरी जाऊन वेगळी मागतो.