दहा वेळा चाललेलं निकेल

माझा रिसर्च कसा चाललाय विचारताय ना, मग आमच्या शिंदेकाकांचं ऐका. रबाळ्याला आमच्या लॅबमध्ये आम्ही उसाच्या चिपाडातून मिळणाऱ्या ॲसिडपासून सॉल्व्हंट बनवतो. त्याला निकेलची काळी पावडर लागते, कॅटॅलिस्ट म्हणून. तीच गाळून, धुऊन पुन्हा वापरायची. चार-पाच वेळांत ती थकते, तिचं काम मंदावतं. आमची मात्र दहाव्या वेळेलाही पहिल्यासारखीच! माझ्या गाइड सरांनी पेढे वाटले आणि पेपर लिहायला घेतला.

गाळायचं काम साताऱ्याच्या शिंदेकाकांचं. पेढा देताना मी सहज विचारलं, "काका, गाळताना जरासुद्धा वाया जात नाही?"

"जातंय की! दरवेळी वजन कमी भरतंय. मग मी बाटलीतली ताजी घालून पुरं करतो. तुमच्या वहीतलं वजन चुकाय नको."

मी तशीच सरांकडे धावले.

सगळं पुन्हा केलं, ताजी न घालता. सहाव्या वेळेनंतर पावडर थकली. सर म्हणाले, "सहा पण मस्तच की!" आणि खरंच खूश झाले.

काका तेवढे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बघा मॅडम, मी घालत हुतो तवा दहा चालली."