सासूबाईंच्या गाडीचा काटा

...आणि वर मलाच विचारतात, काय थाट असेल हो जावयाचा सासरी! थाट? अहो, तुम्हाला सांगतो, हल्ली मी सासरी जातो तो आडवं पडायला. गाडीखाली. अंगाखाली पुठ्ठा, नाकावर तेलाचा थेंब, आणि वरून सासूबाईंचा आवाज, "जावईबापू, काटा बघा."

काटा म्हणजे तेलाच्या दाबाचा. गाडी सासूबाईंची, माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठी, आणि हे वाक्य मी घरी बोलत नाही. तर इंजिनात तेल नुसतं असून भागत नाही, ते दाबाने फिरावं लागतं, नाहीतर लोखंडावर लोखंड घासून सगळा कारभार आटोपतो. हे तुम्हाला माहीत असेल, मला कुठलं माहीत? मी विम्याच्या ऑफिसात बसणारा माणूस, पेट्रोल कुठून भरतात तेवढं ठाऊक. सासूबाईंनी मात्र जन्मभर शिवणकाम शिकवलंय. चार मशीन एकदम चालू असताना कुठल्या मशीनला तेल हवंय ते पाठमोऱ्या सांगायच्या म्हणे. त्यांना कोण फसवणार?

तर हा काटा पडायला लागला. सकाळी थंड असताना ताठ, आणि चढ चढून गाडी तापली, जरा कुठे थांबली, की खाली, पार तळाला. आणि चढल्याशिवाय चालत नाही, कारण टेकडीवर राहते सासूबाईंची थोरली बहीण. म्हणजे आमच्या मावशी. गुडघे दुखतात म्हणून त्या गाडीत बसत नाहीत, खाली येत नाहीत. मग सासूबाई दर आठवड्याला वर जातात, मनसोक्त भांडतात आणि ताज्यातवान्या होऊन परत येतात. दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जाणार नाहीत. का? तर, "दुसऱ्याच्या गाडीतून गेलं की दुसऱ्याच्या घाईने उठावं लागतं. भांडण अर्धं राहतं."

माझी बायको आईवरच गेलेली. ती म्हणाली, "आई, एकटी असताना चढावर इंजिन बसलं तर? ते काही नाही, विकायची. रविवारी गिऱ्हाईक येतंय." सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे. त्याआधी मी ताईच्या दारात गाडी नेते, इंजिन चालू ठेवून उभी करते. काटा पडला तर चावी तुझी."

आणि मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी काय केलं होतं हो?

मी गेलो मिस्त्रीकडे. त्याला आम्ही 'होऊन जाईल' म्हणतो. गाडी पेटली असं सांगितलं तरी तो म्हणेल, होऊन जाईल. तो विडा चघळल्यासारखं तोंड करून म्हणाला, "साहेब, दाब जास्त झाला की तेल सोडून द्यायला एक झडप असते बघा, तिच्यामागे स्प्रिंग. त्या स्प्रिंगखाली एक वायसर टाका. काटा वर. होऊन जाईल." मी सासरी येऊन एक टाकला. मग म्हटलं, एकाने एवढं होतं तर... आणखी दोन टाकले. हसू नका, तुम्हीही टाकले असते.

गाडी चालू केली. काटा असा उसळला की थेट पलीकडच्या टोकाला! मी बायकोला हाक मारली, बघ म्हटलं, नवरा बघ तुझा. आणि तेवढ्यात फट्. तेलाच्या फिल्टरची रबरी रिंग उडाली आणि सगळं तेल भिंतीवर, फरशीवर, माझ्या ऑफिसच्या पँटवर. सासूबाई दारात आल्या, एवढा राडा बघितला, आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "जावईबापू, काटा बघा." कसला काटा? झोपला होता.

मला वाटलं आता माझी खैर नाही. पण नाही हो. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि म्हणाल्या, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेलाचा पंप दाब तयारच करत नाही, तुम्ही दारं लावत बसलात."

आणि मग ती बाई कामाला लागली. खरंच सांगतो, मी बघत राहिलो. पहिल्यांदा माझे तिन्ही वायसर काढायला लावले, नवी रिंग आणि नवं तेल घालून दुसरा मीटर लावून बघितला, "सांगणारा खरं सांगतोय ना, ते आधी बघावं." खरं सांगत होता. मग इंजिनाखालचं चेंबर उतरवलं, म्हणजे मी उतरवलं, त्यांनी सांगितलं. आत तेल ओढायच्या जाळीवर काळा गाळ, खरवडीसारखा. पंपाचं झाकण आतल्या दातेरी चाकांनी घासून खड्डा पडलेला, तेल तिथूनच मागे सटकत होतं. "काच आणा," म्हणाल्या. कुठली काच? जेवणाच्या टेबलाची! त्यावर पॉलिश पेपर अंथरला, तेल टाकलं आणि ते झाकण इंग्रजी आठच्या आकड्यात घासायला लागल्या. तासन् तास. मध्येच उजेडाला धरायच्या, परत घासायच्या. इंजिनाचा मुख्य फिरता दांडा तपासायची वेळ आली तर त्यावरून नख फिरवलं, शिवण चाचपावी तसं. "नख अडकत नाही. दांडा चांगला आहे, बेअरिंगं तेवढी बदला." आम्ही त्या दिवसांत तिथेच, ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

सगळं जोडताना पंपात थंडीत ओठांना लावायचं मलम भरायला लावलं. म्हटलं, आई, हे काय? म्हणाल्या, "कोरड्या घशाने कुणी गातं का? पंपाला पहिला घोट ओढता आला पाहिजे." मग प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन पेटू न देता नुसतं फिरवायचं. मी चावी फिरवतोय, फिरवतोय. काटा ढिम्म. "जावईबापू..." बघतोय हो आई, बघतोय! आणि हलला. थरथरला आणि सावकाश वर चढत गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विम्याच्या माणसाच्या! काट्यासाठी!

शनिवारी निघालो. सासूबाई चालवायला, मी शेजारी काटा बघायला, बायको मागे साक्षीला. चढ संपला, मावशींच्या दारात गाडी उभी. इंजिन चालू. उन्हाने टप तापलेला. काटा जरासा उतरला... बायको पुढे वाकली... आणि मध्यावर येऊन थांबला. थांबला तो थांबलाच. सासूबाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि पदराला पुसले. बायकोने मागूनच गिऱ्हाइकाला फोन लावला, "येऊ नका, विकायची नाही."

तोवर मावशी फाटकात. इंजिनाचा आवाज त्यांनी कान देऊन ऐकला थोडा वेळ. मग तुरुतुरु आल्या, दार उघडलं आणि मला म्हणाल्या, "उठा, मागे बसा. मी येतेय खाली." तुरुतुरु, बरं का! सासूबाई म्हणाल्या, "ताई, अगं गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? तुझं इंजिन कुरकुरत होतं, बसायची भीती वाटायची."

"मग बोलली का नाहीस? बाकी सगळ्यावरून भांडतेस."

"तुझा जीव आहे या गाडीवर. त्यावरून कशी भांडू?"

सासूबाईंनी डोळे पुसले, गिअर टाकला, आणि पहिल्या वळणाच्या आत दोघींचं भांडण सुरू. मागे मी आणि बायको अंग चोरून बसलेलो. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! म्हटलं, सुटलो, झालं एकदाचं. तेवढ्यात उतारावर मावशी म्हणाल्या, "ब्रेक जरा उशिरा लागतात गं तुझे."

सासूबाईंनी नुसतं आरशातून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, येतो उद्या सकाळी.